पेशीजीवशास्त्रात पीएच.डी. करून रुग्णाच्या उपयोगाचे संशोधन करता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जैवतंत्रज्ञानातील एम.एस्सी. संपत आली आहे, पेशीजीवशास्त्राची गोडी लागली आहे, परंतु जन्मभर फ्लास्कमध्ये पेशी वाढवून नुसते शोधनिबंध लिहीत बसण्याची इच्छा नाही. आजारी माणसाच्या उपयोगी पडेल असे काम करायचे आहे, पण वैद्यकीय पदवी नाही. अशा वेळी पीएच.डी. करावी की औषधांच्या माणसांवरील चाचण्या चालवणाऱ्या एखाद्या क्लिनिकल रिसर्च कंपनीत नोकरी धरावी, आणि प्रयोगशाळेतील शोध रुग्णाच्या उपचारापर्यंत नेणारे, 'ट्रान्सलेशनल मेडिसिन' म्हणून जे क्षेत्र ओळखले जाते त्यात पेशीशास्त्रज्ञाला खरोखर जागा आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

जागा आहे. मात्र ती कोणाला मिळते हे आधी समजून घ्यावे लागते. समारंभांतील भाषणांत या क्षेत्राचे जे चित्र रंगवले जाते त्यात शास्त्रज्ञाला एक रेणू सापडतो, तो उंदरावर चालतो, मग माणसावर चालतो आणि औषध दुकानात येते, असा सरळ जिना दिसतो. कर्करोगाच्या पेशींवर बरीच वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, रुग्णापर्यंत पोहोचलेल्या बहुतेक पेशीशास्त्रज्ञांची पुंजी वेगळीच असते. एका ठरावीक आजारातली एखादी गोष्ट त्यांना इतरांपेक्षा अधिक खात्रीने मोजता येत असते, आणि त्या मोजमापाच्या बळावर रसायनशास्त्रज्ञ, डॉक्टर आणि औषध कंपनी या तिघांशीही ते बरोबरीने बोलू शकतात. हे नुसते विधान करून भागणार नाही, म्हणून एक प्रसिद्ध कारकीर्द जरा तपशिलाने सांगते. ती आहे अमेरिकेतील ओरेगन राज्यात काम करणारे डॉ. ब्रायन ड्रकर यांची, ज्यांचे नाव रक्ताच्या एका कर्करोगावरील इमॅटिनिब या औषधाशी कायमचे जोडले गेले आहे.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यातला सीएमएल, हा रक्ताचा कर्करोग आहे. त्यात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, प्लीहा वाढून पोटाच्या डाव्या बाजूला जड लागते, काही वर्षे आजार संथपणे चालतो आणि औषधाने आवरला नाही तर एका टप्प्यावर अचानक उग्र रूप धारण करतो. १९६० मध्ये फिलाडेल्फियातील पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले, आणि त्या शहरावरून त्याला 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' म्हणू लागले. त्याआधी नोवेल यांनी पेशींच्या स्लाइड साध्या नळाच्या पाण्याने धुतल्या होत्या. त्या पाण्याने पेशी फुगल्या आणि गुणसूत्रे सुटी होऊन पसरली, म्हणून ती मोजता येऊ लागली. पुढे १९७३ मध्ये शिकागो येथील जॅनेट राउली यांनी दाखवून दिले की २२ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुटलेला तुकडा नाहीसा झालेला नसून ९ क्रमांकाच्या गुणसूत्राला जाऊन चिकटलेला असतो. राउली त्या काळात चार मुलांचा संसार सांभाळून अर्धवेळ काम करीत, आणि गुणसूत्रांच्या छायाचित्रांची कात्रणे घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून त्यांच्या जोड्या लावीत. प्रयोगशाळेच्या वेळापत्रकात कौटुंबिक जबाबदारी बसत नाही असे जेव्हा मुलींना सांगितले जाते, तेव्हा मी हे उदाहरण आवर्जून देते.

१९८०च्या दशकात उलगडले की गुणसूत्रांच्या या अदलाबदलीतून 'बीसीआर' आणि 'एबीएल' ही दोन जनुके एकमेकांना जोडली जातात आणि त्यांपासून बनणारे प्रथिन हे सतत चालू राहणारे टायरोसीन कायनेज असते. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढवणारा विकर (एन्झाइम), आणि फॉस्फेट चढले की त्या प्रथिनाला 'चालू' असा संदेश मिळतो. निरोगी पेशीत हा संदेश गरजेपुरता येतो आणि थांबतो, परंतु सीएमएलच्या पेशीत तो थांबतच नाही. १९९०च्या सुमारास हे जोडजनुक उंदराच्या अस्थिमज्जेत घातल्यास तसाच आजार होतो हेही सिद्ध झाले. म्हणजे गुन्हेगार ठाऊक होता, त्याचा मार्ग ठाऊक होता. प्रश्न होता तो त्याला अडवावे कसे, आणि अडवला गेला आहे हे ओळखावे कसे.

येथे ड्रकर येतात. ते वैद्यक शिकलेले, कर्करोगतज्ज्ञ म्हणून घडलेले, आणि बोस्टनच्या डाना-फार्बर संस्थेत थॉमस रॉबर्ट्स यांच्या प्रयोगशाळेत मूलभूत संशोधन करीत होते. तेथे त्यांनी फॉस्फेट चढलेले टायरोसीन नेमके ओळखणारे एक प्रतिपिंड (अँटिबॉडी) तयार करण्यात वाटा उचलला, ज्याला '४जी१०' असे नाव आहे आणि जे जगभरच्या प्रयोगशाळांच्या फ्रीजमध्ये आजही सापडते. कोणत्या पेशीत कायनेज किती काम करते आहे, हे या प्रतिपिंडामुळे डोळ्यांना दिसू लागले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला निर्णायक टप्पा हाच, जरी चरित्रात्मक लेखांत त्याला फारशी जागा मिळत नाही. स्वित्झर्लंडमधील बासेल येथे सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन आणि त्यांचे सहकारी कायनेज अडवणारी रसायने शोधत होते, आणि लायडन यांच्याशी ड्रकर यांचा संबंध जुळला तो याच कामातून. पुढे संस्थेचा करार दुसऱ्या कंपनीशी असल्याने बोस्टनमध्ये राहून हे सहकार्य अवघड झाले. १९९३ मध्ये ड्रकर पोर्टलंडमधील ओरेगनच्या आरोग्य व विज्ञान विद्यापीठात गेले आणि तेथून त्यांनी लायडन यांच्याकडे संयुगे मागितली.

आलेल्या संयुगांपैकी एक विशेष ठरले; तेच पुढचे इमॅटिनिब. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील ज्या प्रयोगाकडे मी विद्यार्थ्यांचे लक्ष वेधते तो वसाहती मोजण्याचा प्रयोग आहे, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. रुग्णाची अस्थिमज्जा किंवा रक्त, ते गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या नळीत येते. घनतेच्या द्रावणावर ते हलक्या हाताने सोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की मधोमध एक पांढुरका पट्टा जमतो. तो पट्टा पिपेटने उचलून धुतलेल्या पेशी मिथाइलसेल्युलोजच्या दाट माध्यमात मिसळायच्या. माध्यम इतके घट्ट असते की एका पेशीपासून झालेली प्रजा विखुरत नाही, एकाच जागी घोळका करून राहते; हा घोळका म्हणजेच वसाहत. सुमारे दोन आठवड्यांनी उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली बशी सरकवत हे घोळके एकेक करून मोजायचे. मान अवघडते, डोळ्यांना पाणी येते आणि दोन जणांची मोजणी जुळली नाही तर पुन्हा बसावे लागते. या मोजणीत दिसले की औषधाने बीसीआर-एबीएल असलेल्या वसाहती ९२ ते ९८ टक्क्यांनी घटल्या आणि निरोगी माणसांच्या पेशींच्या वसाहती मात्र तशाच राहिल्या. शेवटचा भाग सर्वांत मोलाचा होता. कर्करोगाची पेशी मारणारी रसायने पुष्कळ असतात. शेजारच्या निरोगी पेशीला हात न लावणारी फारच थोडी.

त्यानंतरची दोन वर्षे जिन्याच्या चित्रात मावत नाहीत. १९९६ मध्येच सिबा-गायगी आणि सॅन्डोझ या कंपन्या एकत्र येऊन नोव्हार्टिस झाली आणि अशा विलीनीकरणात जे होते ते झाले: जुने प्रकल्प नव्या वरिष्ठांच्या टेबलावर वाट पाहत राहिले. सीएमएलचे नवे रुग्ण अमेरिकेत वर्षाला काही हजारच असल्याने बाजारपेठ लहान दिसत होती. शिरेतून द्यायच्या रूपात कुत्र्यांवर केलेल्या चाचणीत नळीच्या टोकाशी रक्ताच्या गुठळ्या झाल्या, म्हणून तोंडावाटे घेण्याचे रूप तयार केले, तर मोठ्या मात्रेत यकृताला इजा दिसली. असल्या निष्कर्षांवर प्रकल्प बंद होणे ही नेहमीची गोष्ट आहे. तो बंद पडला नाही याचे बरेच श्रेय ड्रकर आणि लायडन यांच्या चिकाटीला दिले जाते, पण माझ्या दृष्टीने त्या चिकाटीला पाठबळ होते ते रुग्णांच्या पेशींवरच्या आकड्यांचे. जून १९९८ मध्ये माणसांवरची पहिली चाचणी पोर्टलंड, लॉस एंजेलिस आणि ह्यूस्टन येथे सुरू झाली. मात्रा २५ मिलिग्रॅमपासून हळूहळू चढवत नेली. ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा घेतलेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. पहिल्या टप्प्याची चाचणी मुळात सुरक्षितता पाहण्यासाठी असते; तीत असे आकडे येत नाहीत. १० मे २००१ रोजी अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली.

आता ज्या भागामुळे मी हे उदाहरण निवडले तो सांगते. परवानगीच्या सुमारासच आजार बळावलेल्या काही रुग्णांत औषध लागू पडेनासे झाले होते. कारणे अनेक संभवत होती: औषध पेशीत शिरत नसेल, पेशीबाहेर टाकले जात असेल, पेशीने वाढीसाठी दुसराच मार्ग धरला असेल किंवा कायनेजच बदलले असेल. लॉस एंजेलिस येथील चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने तर्क करण्याआधी रुग्णांच्या पेशींत एक साधे मोजमाप केले. बीसीआर-एबीएल चालू असले की 'सीआरकेएल' नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट चढते, तेव्हा ते चढलेले आहे की नाही एवढेच त्यांनी पाहिले. औषध लागू असताना ते उतरलेले होते आणि आजार परतल्यावर पुन्हा चढलेले होते. म्हणजे पेशीने दुसरा मार्ग धरलेला नव्हता, जुनेच कायनेज पुन्हा काम करीत होते. मग जनुकाचा क्रम वाचला तेव्हा ३१५ व्या जागी थ्रिओनीनऐवजी आयसोल्युसीन आलेले आढळले. त्या एका अमिनो आम्लामुळे औषध जेथे बसायचे ती खाच बदलली होती. पुढे डासाटिनिब आणि निलोटिनिब ही औषधे आली, ती अनेक बदलांवर चालली पण या ३१५ वरच्या बदलापुढे हतबल ठरली आणि त्यासाठी २०१२ मध्ये पोनाटिनिब आले. आधी मोजमाप झाले नसते तर संशोधक कदाचित वर्षानुवर्षे चुकीच्या दारावर थापा मारत राहिले असते.

याच धाग्याचे पुढचे टोक आजच्या बाह्यरुग्ण विभागात दिसते. सीएमएलच्या रुग्णाच्या रक्तातील बीसीआर-एबीएलचे प्रमाण पीसीआरने, म्हणजे जनुकीय तुकड्याच्या असंख्य प्रती काढून त्याचे प्रमाण ठरवणाऱ्या चाचणीने, दर काही महिन्यांनी मोजतात. ते आंतरराष्ट्रीय मापावर ०.१ टक्क्यापर्यंत उतरले की उपचार नीट चालला आहे असे मानतात. आणखी खोलवर उतरून वर्षानुवर्षे तेथेच राहिले तर निवडक रुग्णांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवूनही पाहतात, आणि सुरुवातीच्या फ्रेंच अभ्यासात अशांपैकी सुमारे चार दशांश रुग्णांत आजार परतला नाही. इमॅटिनिब घेणाऱ्या रुग्णांच्या मूळ मोठ्या चाचणीत दहा वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८३.३ टक्के होते. भारतीय वाचकाला या औषधाची आणखी एक बाजू ठाऊक असते: १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्ञात औषधाच्या नुसत्या नव्या रूपाला, गुण वाढल्याशिवाय, पेटंट न देणाऱ्या पेटंट कायद्याच्या कलम ३(घ)चा आधार घेऊन नोव्हार्टिसचा दावा फेटाळला आणि येथील कंपन्यांची स्वस्त गोळी रुग्णांना मिळत राहिली. औषध माणसापर्यंत 'पोहोचणे' यात न्यायालयही येते, हे पेशीशास्त्रज्ञाच्या सहसा लक्षात येत नाही.

तुमच्या पदवीच्या शंकेबद्दल आता बोलू. ड्रकर, सॉयर्स आणि राउली डॉक्टर होते हे खरे; लायडन नव्हते, ते जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. झालेले होते, आणि वैद्यकीय संशोधनातला मानाचा लास्कर पुरस्कार २००९ मध्ये ड्रकर, लायडन व सॉयर्स या तिघांना मिळून मिळाला. आपल्याकडे तर यापेक्षा जवळचे उदाहरण आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून शिकलेल्या कमल रणदिवे यांनी एम.एस्सी.साठी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला होता. त्यानंतर मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्या कर्करोगाकडे वळल्या, १९४९ मध्ये पीएच.डी. झाल्या, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या तंत्राचे, जाणकार जॉर्ज गाय यांच्याकडे शिकल्या आणि परत येऊन परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगावरचे आणि कुष्ठरोगाच्या जंतूवरचे त्यांचे काम त्या प्रयोगशाळेतूनच झाले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. वनस्पतींच्या गुणसूत्रांवरून कर्करोगाकडे जाता येत असेल, तर जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.वरून नक्कीच जाता येईल.

वैद्यकीय पदवी नसल्याने अडते ते एवढेच की रुग्णाला तपासता येत नाही, औषध लिहून देता येत नाही आणि चाचणीचा मुख्य अन्वेषक होता येत नाही. म्हणून एक डॉक्टर सहकारी लागतो, आणि तो नुसता निबंधावर नाव असलेला नको. माझ्या ओळखीतील एका मोठ्या रुग्णालयात अस्थिमज्जेचे नमुने संध्याकाळी उशिरा, तेही नको त्या नळीत भरून आणि कधी कधी दुसऱ्या दिवशी सकाळी येत; तक्रार कितीही केली तरी फरक पडत नसे, कारण नमुना काढणाऱ्या निवासी डॉक्टरला तो कशासाठी हवा आहे हे कोणी सांगितलेलेच नसे. प्रयोगशाळेतील एक विद्यार्थिनी आठवड्यातून एकदा वॉर्डात जाऊन उभी राहू लागली तेव्हाच ते सुधारले. अशी ये-जा करण्याची तयारी असेल तर पदवीची उणीव पुष्कळ भरून निघते.

पेशींच्या बाबतीतील शिस्त हा दुसरा भाग आहे, आणि तो पुस्तकांत असूनही पाळला जात नाही. 'एमडीए-एमबी-४३५' ही पेशींची लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्पिढ्या वाढवलेला एका मूळच्या पेशींचा वंश, कित्येक वर्षे स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली, तिच्यावर शेकड्यांनी निबंध निघाले, आणि अखेर ती त्वचेच्या मेलॅनोमाची ठरली. आज एसटीआर या डीएनएच्या ठशाच्या चाचणीने लाइनची ओळख पटवता येते, तिचा खर्च एका अँटिबॉडीच्या कुपीएवढाही नसतो, तरीही ती न करता पीएच.डी.चे प्रबंध लिहिले जातात. दुसरा चोर म्हणजे मायकोप्लाझ्मा. या जीवाणूला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन त्याला काही करत नाही, तो इतका लहान असतो की गाळणीतूनही निसटतो, आणि माध्यम गढूळ होत नाही, त्यामुळे फ्लास्क वरून निर्मळ दिसतो. आत मात्र पेशींचा वाढीचा वेग, चयापचय आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद बदललेला असतो. डीएनए रंगवणारे होक्स्ट द्रव्य टाकून पाहिले तर ठसठशीत निळ्या केंद्रकाभोवती, जेथे काहीच चमकायला नको तेथे, बारीक कण चमकताना दिसतात. हे एकदा पाहिले की माणूस पेशींच्या माध्यमात सवयीने प्रतिजैविके ओतणे सोडतो, कारण ती इतर संसर्ग झाकून ठेवतात आणि खरा दोष लपतो. नवी लाइन आली की आधी वेगळ्या इनक्यूबेटरमध्ये, चाचणीचा निकाल आल्यावरच इतरांच्या शेजारी, आणि किती पॅसेज झाले, म्हणजे पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या, याची नोंद कुपीवर, हा नियम ज्या प्रयोगशाळेत मोडला जातो तेथील कोणताही आकडा मी रुग्णाच्या संदर्भात वापरणार नाही.

भारतात हे काम आता कोठवर आले आहे याचे ताजे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. आयआयटी मुंबईतील जैवविज्ञान विभागाचे प्राध्यापक राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर विकसित केलेल्या आणि 'इम्युनोअॅक्ट' या कंपनीने बनवलेल्या 'नेक्सकार१९' या बी पेशींच्या रक्तकर्करोगावरील उपचाराला केंद्रीय औषध नियामकाने ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी दिली. ही देशातील पहिली मान्यताप्राप्त कार-टी उपचारपद्धती. रुग्णाच्या रक्तातील टी पेशी वेगळ्या काढायच्या, विषाणूच्या साहाय्याने त्यांत एक नवे जनुक घालायचे, ज्यामुळे त्या बी पेशींच्या पृष्ठभागावरील 'सीडी१९' हे चिन्ह ओळखू लागतात, मग त्या वाढवून त्याच रुग्णाला परत द्यायच्या. प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ६४ रुग्णांना हा उपचार दिलेला असून मूल्यमापन करता आलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. अमेरिकेत २०१७ मध्ये आलेल्या अशाच पहिल्या उपचाराची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती. येथील खर्च परदेशी उपचारांच्या मानाने एक दशांशाच्या आसपास आहे, अर्थात तोही सामान्य कुटुंबाला पेलणारा नाही.

या उपचारात औषध म्हणजेच पेशी असल्यामुळे पेशीशास्त्रज्ञाची गरज शोधापुरती संपत नाही. प्रत्येक रुग्णाची पिशवी ही एक स्वतंत्र बॅच असते. ती रुग्णालयात जाण्यापूर्वी जिवंत पेशींचे प्रमाण, निर्जंतुकता, एंडोटॉक्सिन (जीवाणूंचे विष), मायकोप्लाझ्मा, नव्या जनुकामुळे आलेली, सीडी१९ ओळखणारी ग्राही (रिसेप्टर) किती टक्के पेशींवर आहे हे एकेक पेशी तपासणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर, आणि घातलेल्या जनुकाच्या प्रत्येक पेशीमागे किती प्रती आहेत हे पीसीआरवर, असे सगळे तपासावे लागते. रुग्णाची प्रकृती ढासळत असताना आणि पेशी ठरावीक काळच टिकणार असताना ही तपासणी अचूक करणारी माणसे देशात कमी आहेत. पीएच.डी. न करता या क्षेत्रात यायचे असेल तर हा रस्ता मी क्लिनिकल रिसर्च कंपनीतील कागदपत्रांच्या नोकरीपेक्षा वरचा मानते, कारण येथे हात पेशींवर राहतात. कागदपत्रांच्या नोकरीत वावगे काही नाही, तेथे २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम पाठ होतात आणि चाचणी राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवणे, रुग्णाची संमती, भरपाई या गोष्टी समजतात. पण दोन-तीन वर्षांत प्रयोगाचा हात जातो आणि परत येणे कठीण होते.

एक इशारा याच संदर्भात द्यायला हवा. 'स्टेम सेल'च्या नावाने मधुमेह, ऑटिझम, गुडघेदुखी अशा कशावरही इंजेक्शने देणारी केंद्रे आपल्या शहरांत आहेत आणि ती तरुण पेशीशास्त्रज्ञांना चांगला पगार देऊ करतात. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या मान्य आजारांसाठीचे रक्तपेशीजनक स्टेम सेल प्रत्यारोपण सोडले, तर स्टेम सेलचा इतर कोणताही वापर मंजूर चाचणीबाहेर करता येत नाही आणि चाचणीतील रुग्णाकडून त्याचे पैसे घेणे तर अजिबात बसत नाही. मुलाखतीत चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा. तो न देता रुग्णांचे अनुभव ऐकवू लागले, तर तेथून उठा.

पीएच.डी.च्या पैशांचे सांगायचे तर, नेट किंवा तत्सम परीक्षेतून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाल्यास महिना ३७ हजार रुपये आणि पुढे ४२ हजार रुपये, शिवाय घरभाडे, असा २०२३ पासूनचा दर आहे. अनुदान वेळेवर न येणे ही नित्याची गोष्ट आहे, तेव्हा काही महिन्यांची तजवीज घरातून असावी. परदेशी जाण्याबद्दल माझे मत असे की पीएच.डी. येथे करून त्यानंतर जाणे या क्षेत्रात अधिक लाभाचे ठरते. आपल्याकडील रुग्णांचे आजार, त्यांचे उशिरा येणे, उपचार अर्धवट सोडणे हे येथेच कळते, आणि त्यातून निघालेला प्रश्न घेऊन बाहेर गेलेल्याला तेथील तंत्राचा उपयोग कशासाठी करायचा हे ठाऊक असते. खारघरचे अॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र), पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, फरिदाबादची टीएचएसटीआय (आरोग्य विज्ञान व तंत्रज्ञान संस्था), बंगळुरूचे इनस्टेम (स्टेम सेल संशोधन संस्था) आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही नावे अर्जासाठी डोळ्यांपुढे ठेवा. वेल्लोरच्या गटाने हिमोफिलिया ए हा रक्त नीट न गोठण्याचा आजार असलेल्या पाच रुग्णांच्या स्वतःच्या रक्तपेशीजनक पेशींत जनुक घालून केलेला उपचार २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला आहे. ते काम मुळापासून वाचण्यासारखे आहे.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या निबंधांची संख्या पाहू नका. भेटीला गेलात की तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षभरात रुग्णांचे किती नमुने आले आणि ते कोणत्या नैतिकता समितीच्या मंजुरीने आले. सहकारी डॉक्टर प्रयोगशाळेच्या बैठकीला शेवटचे कधी बसले. आणि येथे असे काय मोजले जाते जे शेजारच्या प्रयोगशाळेत मोजता येत नाही. मग द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीची नोंदवही पाहायला मागा. कुपी क्रमांक, पॅसेज, तारीख, एसटीआर व मायकोप्लाझ्माचे निकाल आणि कोणी ठेवली त्याची सही, एवढे रकाने त्यात भरलेले असतील तर तेथे जा, मग विषय तुमच्या पहिल्या पसंतीचा नसला तरी चालेल. वही नसेल किंवा 'ती संगणकावर आहे, नंतर दाखवतो' असे उत्तर मिळाले, तर दुसऱ्या प्रयोगशाळेत अर्ज करा.